कुरळ्या केसांना रंग लावताना

अकाली केस पिकण्याविषयी या सदरात लिहिले, त्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी एका भगिनीचे पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. त्या लिहितात, "माझे केस लहानपणापासून कुरळे आहेत. वय पंचेचाळीस, कपाळाजवळचे व कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. वैशाखात मुलीचे लग्न आहे. पार्लरमध्ये गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, कुरळ्या केसांवर रंग नीट बसत नाही, आधी केस सरळ करून घ्या, मग रंग लावू. घरी सासूबाई म्हणतात, कलप लावलास तर केस हातात येतील, मेंदीच लाव. डॉक्टरबाई, मी कोणाचे ऐकू?"

दोघींचेही पूर्णपणे ऐकू नका, हे माझे उत्तर. पण ते असे एका ओळीत देऊन भागत नाही.

हा प्रश्न मला परका नाही. माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. लहानपणी रविवारी न्हाणे झाले की आई बारीक दातांची फणी घेऊन बसायची आणि मी रडत बसायची. पहिला पांढरा केस एक्केचाळिसाव्या वर्षी दिसला आणि त्यानंतर रंगाच्या बाबतीत करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी डॉक्टर असूनही केल्या. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत सगळे केस रंगविले. दोन वर्षांत टोकांचा पार काथ्या झाला. तेव्हा पुढे जे सांगते आहे त्यात थोडे पुस्तकातले आहे आणि थोडे स्वतःच्या डोक्यावरचे!

आधी कुरळा केस मुळात वेगळा का असतो, ते पाहू. केस ज्या पिशवीतून उगवतो ती पिशवी सरळ केसाच्या बाबतीत त्वचेत उभी असते, कुरळ्या केसाच्या बाबतीत विळ्यासारखी वाकलेली असते. सरळ केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो बहुधा गोल दिसतो, कुरळा चपटा, लंबगोल दिसतो. केसाच्या बाहेरून कौलारू छपरासारखे एकावर एक बसविलेल्या पापुद्र्यांचे आवरण असते. ही कौले नीट बसलेली असली की आतला ओलावा आत राहतो आणि केसावर चमक येते. कुरळ्या केसात मात्र प्रत्येक वळणावर कौले थोडी उचललेली असतात. दुसरी गोष्ट तेलाची. डोक्याच्या त्वचेतील ग्रंथी नैसर्गिक तेल तयार करतात. सरळ केसावरून ते सहज खाली घसरते, पण घाटाच्या रस्त्यासारख्या वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी असा प्रकार पुष्कळदा दिसतो. शिवाय केस तुटतो तो बहुधा या वळणावरच.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. डोक्यावरील केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ताणून तीस सेंटिमीटर भरणारा केस असेल, तर त्याचे टोक अडीच वर्षांचे जुने आहे. अडीच वर्षे त्याने ऊन, फणी, साबण सोसलेले असतात. मुळाजवळचा नवा केस आणि हे टोक यांना एकच औषध एकाच वेळ लावणे म्हणजे तान्ह्या मुलाला व आजोबांना एकच डोस देण्यासारखे आहे.

आता रंगाकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या पक्क्या कलपात दोन भाग असतात. एकात रंगाचा मूळ पदार्थ व अमोनिया किंवा तत्सम अल्कली, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कलीमुळे केस फुगतो व कौले उघडतात. पेरॉक्साइड केसातला मूळचा रंग थोडा उडविते आणि त्याच वेळी रंगाच्या मूळ पदार्थाशी क्रिया करते. हा मूळ पदार्थ बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी असतो. त्याचे कण इतके लहान असतात की ते सहज केसात शिरतात आणि आत गेल्यावर एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. अरुंद तोंडाच्या बरणीत हरभरे टाकून भिजत घातले तर फुगल्यावर ते बाहेर निघत नाहीत, तसाच हा प्रकार. म्हणून हा रंग धुऊन जात नाही. ही विद्या तशी जुनी. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन याच्या हातून १८५६ मध्ये झाली आणि १९०७ मध्ये पॅरिसमधील यूजीन शूलर या रसायनशास्त्रज्ञाने केसांसाठी कृत्रिम रंग तयार करून तो केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. लॉरिआल ही कंपनी त्यातूनच पुढे उभी राहिली.

तेव्हा, कुरळ्या केसावर रंग बसत नाही हे खरे नाही. उलट, कौले आधीच उचललेली असल्यामुळे रंग लवकर शिरतो, टोकांना तर जरुरीपेक्षा जास्तच शिरतो आणि ती कोळशासारखी काळी दिसतात. धुताना तो निघूनही लवकर जातो. अडचण रंग बसण्याची नाही, सारखा बसण्याची आहे. त्यासाठी केस सरळ करण्याचे काहीच कारण नाही. सरळ करण्याच्या बऱ्याच पद्धतींत केसाला आकार देणारे गंधकाचे बंध तोडावे लागतात. त्या धक्क्यावर लगेच रंगाचा दुसरा धक्का दिला तर केस तुटणारच. शिवाय नवा केस महिन्याला एक सेंटिमीटर कुरळाच उगवणार! मग वरचे कुरळे, खालचे सरळ, असे ध्यान घेऊन वर्षभर हिंडावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या होत्या. खरे म्हणजे त्यांचे यजमान त्यांना हाताला धरून घेऊन आले होते, कारण दोन्ही डोळे सुजून पूर्ण बंद झाले होते. कपाळ, कान, मान लाल, त्यातून पाणी गळत होते. भाच्याच्या लग्नासाठी दोन दिवसांपूर्वी केस काळे केले होते. मी विचारले, "कलप लावला होता का?" त्या म्हणाल्या, "छे हो, मी कलप कधीच लावत नाही. काळी मेंदी लावते. अकरा वर्षे तीच लावते आहे, कधी काही झाले नाही." लग्न राहिले बाजूला, पाच दिवस त्या घराबाहेर पडू शकल्या नाहीत.

या एका प्रसंगात दोन धडे आहेत. पहिला असा की, मेंदीचा रंग काळा नसतो. मेंदीच्या पानातील लॉसोन या द्रव्याचा रंग तांबूस नारिंगीच येतो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी जी 'काळी मेंदी' पुडीत मिळते, तिच्यात बहुधा पीपीडीच असते. पुडीवर पानांचे चित्र असेल, 'हर्बल' लिहिलेले असेल, पण बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. चश्मा लावून वाचा. 'अमोनिया नाही' याचा अर्थ 'पीपीडी नाही' असा होत नाही, हेही लक्षात ठेवा. अमोनियाच्या जागी दुसरी, वास न येणारी अल्कली घातलेली असते, एवढेच.

दुसरा धडा असा की, ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असे नाही. शरीर त्या पदार्थाची ओळख मनात धरून बसते आणि पाचव्या, पन्नासाव्या किंवा अकरा वर्षांनंतरच्या खेपेला उसळून उठते. एकदा उसळले की ते बहुधा जन्मभर राहते. म्हणून चाचणी प्रत्येक वेळी करायची. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, पाकिटावर सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग लावून ठेवा आणि ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, पुरळ, सूज, यांतले काहीही आले तर तो रंग केसांना लावायचा नाही. पूर्वी एकदा जरी त्रास झाला असेल, तर ही घरगुती चाचणीही करू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आम्ही पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या लावून नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते पाहतो. पट्ट्या दोन दिवसांनी काढतो आणि पुन्हा एकदोन दिवसांनी पाहतो. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना सल्फाची औषधे किंवा दातांच्या डॉक्टरांकडची भूल देण्याची काही औषधेही सोसत नाहीत. तेव्हा ही माहिती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही देऊन ठेवावी.

पुरुष वाचकांसाठी एक सांगते. मिशी रंगविल्यानंतर ओठ सुजून आलेले रुग्ण मी कमी पाहिलेले नाहीत. ब्रश पाच मिनिटांचा असला तरी ॲलर्जी तीच. भुवया व पापण्यांना मात्र कोणीही, कधीही कलप लावू नये. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. जत्रेत मुलांच्या हातांवर काळ्या मेंदीची नक्षी काढतात, तीही टाळा. त्यातूनच ही ॲलर्जी लहान वयात जडू शकते. आणि कलपाची पाकिटे व बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी, कुलपात ठेवा. तो पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडतो, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात, आणि त्यावर नेमका उतारा असा नाही. चुकून किंवा रागाच्या भरात कोणी घेतला, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता सासूबाईंच्या मेंदीविषयी. खरी, शुद्ध मेंदी ही चांगलीच गोष्ट आहे. ती केसाच्या प्रथिनाला चिकटते, केस जाड वाटतो. पण कुरळ्या केसवाल्यांचा अनुभव असा की, वारंवार लावल्यास केस राठ होतो आणि वळणे थोडी सैल पडतात. म्हणून दर आठवड्याला नको, महिना-दीड महिन्याने पुरे. कपाळावरचे पांढरे केस तिने तांबूस होणार, हे आधीच मान्य करायला हवे. लोखंडी कढईत आवळकाठी घालून रात्रभर भिजविण्याची आपल्याकडची रीत उगीच नाही. लोखंड व आवळ्यातील तुरट द्रव्य यांच्या संयोगाने काळपटपणा येतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करीत. ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांच्यासाठी मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावणे हा उत्तम मार्ग आहे (कपड्यांची नीळ नव्हे!). मेंदी धुऊन झाल्यावर ही पूड कोमट पाण्यात कालवून, दहा-पंधरा मिनिटे ठेवून केसांना लावावी व तासाभराने धुवावी. प्रथम केस हिरवट वाटतील, घाबरू नका, एकदोन दिवसांत गडद तपकिरी ते काळा रंग येतो. हिचीही थोडी चाचणी हातावर करून घ्यावी. वेळ लागतो, पसारा होतो, पण माझ्या त्या शिक्षिका आता हेच करतात आणि खुशीत आहेत.

ज्यांना कलपच लावायचा आहे त्यांनी तो कसा लावावा? केस दोन दिवस आधीपासून धुऊ नका. डोक्यावरचे थोडे तेल त्वचेचे रक्षण करते. आदल्या दिवशी, केस ओले असताना रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवून ठेवा. रंगाचे केस कोरडे असताना विंचरून पिंजू नयेत. जे टोकाकडचे केस पूर्वी रंगविलेले आहेत त्यांवर खोबरेल तेलाचा हात फिरवा. कपाळाची कड व कानांना व्हॅसलिन लावा. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या, धातूचे नको. हातमोजे घालाच. केसांचे चार भाग करून चिमट्याने बांधा. कुरळ्या केसात हे केले नाही तर आतला भाग हमखास कोरा राहतो. कपाळ व कानशिलावरचे पांढरे केस चिवट असतात, म्हणून तेथून सुरुवात करा. रंग फक्त नव्याने उगवलेल्या, एक-दीड सेंटिमीटर भागाला लावायचा. खालच्या केसांचा रंग फारच फिका पडला असेल तर शेवटची चार-पाच मिनिटे हाताने पुढे ओढून घ्या, त्याहून जास्त नाही. माझ्या टोकांचा काथ्या झाला तो हा नियम न पाळल्यामुळे.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर आकडा असतो. पांढरे केस झाकण्यासाठी सहा टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूम पुरते. नऊ किंवा बारा टक्क्यांचे कुरळ्या केसांना काही काम नाही, पार्लरमध्येही हे विचारून घ्या. पाकिटावर जेवढी वेळ लिहिली असेल तेवढीच ठेवावी. रात्रभर ठेवल्याने रंग अधिक पक्का होत नाही, त्वचा मात्र भाजते. कालवलेला रंग उरला तर टाकून द्या. झाकण घट्ट लावून जपून ठेवला, तर आत वायू साठून बाटली फुटल्याची उदाहरणे आहेत. कुरळ्या केसात भांग सरळ दिसत नसल्याने मुळाशी आलेली पांढरी रेघ उशिरा लक्षात येते. त्याचा फायदा घ्या आणि दोन वेळांत निदान पाच-सहा आठवड्यांचे अंतर ठेवा. पांढरे केस थोडेच असतील तर पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांत उतरणारा कच्चा रंगही पुरतो. तो पांढरेपणा पूर्ण झाकत नाही, पण केसाला सोसतो.

खरी निगा त्यानंतरची. कोमट किंवा गार पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत केस धुवा आणि पुढचे दोन दिवस शांपू लावू नका. रंगविलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमध्ये धन भाराचे पदार्थ असतात, ते नेमके इजा झालेल्या जागी जाऊन चिकटतात व कौले दाबून बसवितात. म्हणून कंडिशनर हे फॅड नाही, रंग लावणाऱ्या कुरळ्या केसांना ते लागतेच. मुळांना मात्र चोळायचे नाही. शांपू सौम्य, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. शिकेकाई आवडत असेल तर उकळून, गाळून फक्त पाणी घ्या. भरड पूड केसांवर चोळणे म्हणजे कौलांवर वाळू घासणे.

खोबरेल तेलाबद्दल २००३ साली मुंबईतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांच्या तुलनेत खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी होतो, असे त्यात दिसले. कारण ते केसाच्या आत शिरते. हे काम खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले, म्हणून मी डोळे झाकून मान डोलविली नाही. पण धुण्याच्या आधी तासभर लावलेल्या तेलाचा गुण मला स्वतःला आला आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत बोअरचे जड पाणी आहे. त्यातले क्षार केसावर बसून तो राठ होतो. शेवटचे पाणी फिल्टरचे किंवा साठविलेले पावसाचे घ्या, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून ओता. केस टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन दाबून पाणी टिपा. वळणे नीट राहावीत म्हणून दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळा. तो बुळबुळीत रस ओल्या केसांना लावून केस तसेच वाळू द्या. बाजारातल्या महागड्या जेलपेक्षा मला तो बरा वाटतो. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. आणि स्कूटरवर जाताना डोके झाका, उन्हाने रंग उडतो.

महाविद्यालयीन मुलींना सोनेरी किंवा लालभडक बटा हव्या असतात. आपले केस मुळात गडद, त्यामुळे आधी ब्लीच करून तो काळा रंग काढावा लागतो. एका रंगावर दुसरा फिका रंग चढत नाही. ब्लीचने गंधकाचे बंध तुटतात, कुरळेपणा जातो, केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो. पूर्ण केसांना ब्लीच करू नका, हे मी माझ्या भाचीलाही सांगितले. हौसच असेल तर चेहऱ्याजवळच्या दोनचार बटा, त्याही जाणत्या हातांकडून आणि आधी एका बटेवर करून पाहून. पूर्वी मेंदी, नीळ किंवा काळी पुडी लावलेली असेल तर ते सांगा. निळीवर ब्लीच केल्यास केस हिरवे होतात, आणि केसांत धातूचे अंश असले तर पेरॉक्साइडची क्रिया भडकून केस तापतो व तुटतो.

कर्करोगाविषयी हमखास विचारले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रोज रंग हाताळणाऱ्या केशकर्तनकारांच्या व्यवसायाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले आहे, पण स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. अमेरिकेत १,१७,२०० परिचारिकांचा ३६ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला आढळला नाही, स्तन व बीजांडकोशाच्या काही प्रकारांत किंचित वाढ दिसली. माझ्या मते भीतीने गाळण उडावी असे यात काही नाही, पण पार्लर व सलूनमध्ये काम करणाऱ्यांनी हातमोजे व हवेशीर खोली यांत कसूर करू नये. गरोदर स्त्रियांनी निदान पहिले तीन महिने रंग लांबणीवर टाकावा.

आता त्या भगिनीच्या वैशाखातल्या लग्नाकडे. केस सरळ करू नका. आजच हातावर चाचणी करा. काही त्रास झाला नाही तर लग्नाच्या सहा आठवडे आधी एकदा मुळांना रंग लावून पाहा. अगदी काळा नको, गडद तपकिरी घ्या, चेहऱ्याला तो शोभतो. मग पुन्हा चाचणी करून लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी नव्याने उगवलेल्या पांढऱ्या मुळांना लावा, म्हणजे काही झालेच तर उपचाराला वेळ राहील. चाचणीत खाज सुटली तर मात्र कलपाचा विचार सोडा, मेंदी व निळीची तयारी करा, आणि तीही हळदीच्या आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी. त्यांच्या पत्रात एक ओळ शेवटी, वेगळ्या शाईत लिहिली होती की, गेल्या वर्षी कलप लावला तेव्हा कानामागे थोडी खाज आली होती, पण ती उन्हाची असेल. ती उन्हाची नसावी. ताई, घरी चाचणी न करता या आठवड्यातच जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन या, आणि पाकीट बरोबर न्या.